मुळशीकरांनी वाचावीत अशी दोन पुस्तकं 📚

पिरंगुटहून पौडमार्गे ताम्हिणीकडे जाताना मुळशी धरणाचं पाणी दिसतं. टाटांच्या याच धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला; सेनापती बापट त्याचे नेते झाले.

राजेंद्र व्होरांचं ‘मुळशी सत्याग्रह’ मला मोलाचं वाटतं, कारण त्यात नुसता गौरव नाही. जमीन गमावणारे शेतकरी, सावकार आणि पुण्यातले पुढारी यांचे हितसंबंध कुठे जुळले, कुठे तुटले, हेही कळतं.

किल्ल्यांचा छंद असेल, तर गो. नी. दांडेकरांचं (गोनीदांचं) ‘दुर्गभ्रमणगाथा’ घ्या. त्यात स्वतः पायी हिंडून पाहिलेले गड भेटतात.

इतिहास-राजकारणात पुरावा आणि छंदात स्वानुभव, हे पाहूनच पुस्तक निवडा. तुमच्या आवडीचं पुस्तक कोणतं? कमेंटमध्ये जरूर सांगा.