अनुदानाचे काम शिकावे लागते

समाजसेवेला मोठे मन लागते, असे आपण नेहमी ऐकतो. ते खरेच आहे. पण मोठ्या मनाबरोबर नीटनेटकी वहीही लागते, हे फारसे कोणी सांगत नाही. बी. कॉम. झाल्यावर मी बेळगावातील एका लहानशा सेवासंस्थेत अनुदानाचे काम पाहू लागलो. आपल्यापैकी काहीजण उद्या या क्षेत्रात येतील, म्हणून या कामाचे स्वरूप थोडक्यात मांडतो.

देणगी आणि अनुदान यांत फरक आहे. देणगी देणारा विश्वासाने देतो व बहुधा पुन्हा विचारीत नाही. अनुदान ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीपुरते आणि अटींवर मिळते. १९१३ साली सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. हेतू, रक्कम आणि मुदत, तिन्ही गोष्टी स्पष्ट होत्या. चांगल्या अनुदानाचे हेच लक्षण.

आता या व्यवहाराला कायद्याची चौकट आली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितले. १ एप्रिल २०२१ पासून असा पैसा घेऊन काम करणाऱ्या संस्थांना कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी सक्तीची झाली. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने असा पैसा दुसरीला देण्यास मनाई झाली. मोठ्या संस्थेमार्फत खेड्यातील लहान संस्थेपर्यंत पोचणारा परदेशी पैशाचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

खर्चाला कात्री लागली की कार्यकर्त्याच्या शिक्षणाचे कलम अंदाजपत्रकातून प्रथम गळते, असा माझा अनुभव आहे. ही काटकसर महागात पडते. अहवाल उशिरा गेला की दुसरा हप्ता अडतो. हप्ता अडला की खेड्यातील बालवाडीच्या बाईंचा पगार थांबतो. कागदावरची चूक भोगावी लागते ती अशा माणसांना.

मग शिकावे कसे? मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून समाजकार्याचे शिक्षण देत आहे. आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था १९७९ साली निघाली. तेथे जाणे सर्वांना शक्य नसते. पण संस्थेच्या कपाटातील जुन्या फायली हीही एक शाळाच आहे. मंजूर झालेला एक प्रस्ताव आणि नामंजूर झालेला एक, असे दोन शेजारी ठेवून वाचावेत. हिशेबतपासनीस आले की त्यांच्याजवळ बसून त्यांचे प्रश्न टिपून घ्यावेत. मी हे दरवर्षी करतो.

प्रस्तावात काम आणि परिणाम वेगळे लिहावयास शिकावे. ‘वीस शिवणयंत्रे वाटली’ हे काम झाले. वर्षभराने त्यांतील किती भगिनी शिवणकामावर चार पैसे मिळवितात, हा परिणाम. त्यासाठी यंत्रे देण्यापूर्वीचे त्यांचे उत्पन्न नोंदलेले असावे लागते. नंतर ते आठवून लिहिता येत नाही.

आपल्या भागात भाषेचे कसबही लागते. एका गावात माहिती मराठीत मिळते, दुसऱ्यात कन्नडमध्ये. सरकारी कागद कन्नडमध्ये असतात आणि कंपनीला अहवाल इंग्रजीत हवा असतो. ज्याला तिन्ही भाषा येतात, तो गावकऱ्याचे म्हणणे देणाऱ्यापर्यंत न बिघडविता पोचवितो. या मासिकाचे दोन्ही विभाग वाचणाऱ्या विद्यार्थ्याजवळ हे भांडवल आधीपासूनच आहे.

देणाऱ्यांनीही शिकले पाहिजे. वातानुकूलित खोलीत बसून छापील तक्ते मागविणे सोपे. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्टीतील वाडीवर जाऊन काम का लांबले हे पाहणे अवघड. जो अधिकारी एकदा असा जाऊन येतो, तो पुढच्या वर्षी प्रश्न नेमके विचारतो.

मित्रहो, दुसऱ्याच्या पैशावर तिसऱ्याचे भले करावयाचे, हे मोठ्या जबाबदारीचे काम आहे. त्यासाठी सद्भावना घेऊन अवश्य या, पण शिकण्याची तयारीही बरोबर आणा.