सांध्यांतील अग्नि

सकाळीं जाग येते, पण हात जागे होत नाहींत. मूठ वळत नाहीं, बरणीचें झांकण फिरत नाहीं, सदऱ्याचें बटण बोटांतून निसटतें. तासाभरानें, कधीं दोन तासांनीं, बोटें हळुहळू सैल होतात. घरांतल्या माणसांना वाटतें, झालें, आतां बरें वाटलें असेल. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. आपल्याकडे या सर्व प्रकाराला 'वात' हें एकच नांव देऊन मोकळें होण्याची चाल आहे. थंडी बाधली, वांगें खाल्लें, वय झालें, अशीं कारणेंहि तयारच असतात. परंतु तिशी-पस्तिशींतल्या बाईच्या दोन्ही हातांचे लहान सांधे जेव्हां एकदमच सुजतात, आणि आखडलेपणा श्रमानें नव्हे तर विश्रांतीनें वाढतो, तेव्हां तो म्हातारपणच्या झिजेचा संधिवात नव्हे. पाश्चात्त्य वैद्यक त्याला ऱ्हूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतें. आपल्या माधवनिदानांत आमवात म्हणून जो रोग स्वतंत्रपणें वर्णिला आहे तो याच्या पुष्कळ जवळचा आहे. म्हणून आज मी आमवात हाच शब्द वापरणार आहें.

या रोगांत सांधा झिजत नाहीं, तो आंतून जळतो. ही आग कोण लावतो, आणि ती विझवूं गेलें असतां काय होतें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम दाह म्हणजे काय तें पाहूं. पायांत कांटा मोडला कीं ती जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकते. हीं चार लक्षणें सेल्सस नांवाच्या रोमन ग्रंथकारानें पहिल्या शतकांत लिहून ठेवलीं, आणि आजहि त्यांत फारसा बदल करावा लागलेला नाहीं. तो अवयव कामाला येत नाहीं, हें पांचवें लक्षण मागाहून जोडलें गेलें इतकेंच. हा दाह आपला शत्रु नव्हे. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती झिरपूं लागतात, पांढऱ्या पेशी त्या वाटेनें बाहेर पडून जंतूंना गांठतात, मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात, आणि काम संपलें कीं सर्व आपोआप शांत होतें. दाह नसता तर साध्या ओरखड्यानेंहि माणूस दगावला असता. स्वयंपाकघरांतल्या विस्तवासारखा तो आहे: हवाच, पण चुलींत.

आमवातांत हा विस्तव विझतच नाहीं. सांध्याच्या आंतल्या बाजूला एक नाजूक अस्तर असतें. तें सुजतें, जाड होतें, आणि वेलीसारखें पसरत कूर्चा आणि हाड कुरतडूं लागतें. हें कुरतडणें पुष्कळ रोग्यांत पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होतें, आणि हाडाला पडलेली खांच सहसा भरून येत नाहीं. "थोडे दिवस वाट पाहूं" असें म्हणण्यांत जातें तें हें.

पण सांध्यांत कांटा तर मोडलेला नसतो! मग पांढऱ्या पेशी तेथें कशाला धांवून जातात? जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं असा सिद्धान्त मांडला होता कीं शरीराला स्वतःवर शस्त्र उचलण्याची जणूं धास्तीच असते. हें म्हणणें इतकें पटण्यासारखें होतें कीं उलट पुरावा दिसला तरी तो फारसा कोणी मनावर घेईना. ओस्लो येथील एरिक वालर यांनीं १९४० सालीं आमवाताच्या रोग्यांच्या रक्तांत एक चमत्कारिक द्रव्य असल्याचें प्रसिद्ध केलें. तें प्रतिपिंडच निघालें. मात्र जंतूंवर नव्हे, तर शरीराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांवर चालून जाणारें. पोलिसानें पोलिसालाच बेड्या घालाव्या तसा हा प्रकार. पुढें १९५६ मध्यें अमेरिकेंत नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनीं सशांच्या कंठग्रंथीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले, आणि प्राणी आपल्याच अवयवाविरुद्ध उठूं शकतो हें मान्य करावें लागलें.

हें सर्व उलगडण्यापूर्वींच आग विझविण्याचा एक उपाय अगदीं दुसऱ्याच वाटेनें हातीं आला होता. ती हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

अमेरिकेंत मिनेसोटा राज्यांतील रॉचेस्टर गांवीं मेयो क्लिनिक नांवाची प्रसिद्ध संस्था आहे. तेथील डॉक्टर फिलिप हेन्च यांच्याकडे १ एप्रिल १९२९ रोजीं ६५ वर्षांचा एक रोगी आला. तो स्वतःहि डॉक्टरच होता. त्यानें सांगितलें कीं मध्यंतरीं आपल्याला कावीळ झाली, तेव्हां सांधे दुखावयाचे थांबले, आणि कावीळ गेल्यावरहि तो आराम कांहीं काळ टिकला. दुसरा एखादा वैद्य हंसून सोडून देता. हेन्च यांनीं अशा हकीकती जमविण्यास आरंभ केला. पुढें त्यांना दिसलें कीं बायकांचा आमवात गरोदरपणांत पुष्कळदां मावळतो आणि बाळंतपणानंतर परततो. आतां त्यांनीं केलेला विचार पाहा. कावीळ पुरुषांनाहि होते, म्हणजे गुण देणारें द्रव्य केवळ स्त्रीदेहांतलें नव्हे. गरोदर बाईला कावीळ नसते, म्हणजे तें केवळ पित्तहि नव्हे. दोन्ही अवस्थांत शरीरांत वाढणारें असें कांहीं तरी तिसरेंच असलें पाहिजे. त्याला त्यांनीं 'द्रव्य क्ष' म्हटलें आणि जवळजवळ वीस वर्षें त्याचा पाठलाग केला. पित्त देऊन पाहिलें, काविळीच्या रोग्यांचें रक्त देऊन पाहिलें. हातीं कांहीं लागलें नाहीं.

त्याच संस्थेंत एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन लहान ग्रंथींतून एकेक द्रव्य वेगळें काढीत होते. त्यांतील 'ई' हें द्रव्य आमवातावर देऊन पाहावें असें १९४१ मध्यें दोघांच्या बोलण्यांत ठरलें. पण द्यावयाला तें होतें कोठें? जनावरांच्या ग्रंथींचा ढीग आटवावा तेव्हां चिमूटभर मिळावयाचें. मर्क कंपनींतील लुइस सॅरेट यांनीं बैलाच्या पित्तांतील आम्लापासून, तिसाहून अधिक पायऱ्या चढून, तें कृत्रिम रीतीनें बनविलें, तेव्हां कोठें थोडा सांठा झाला. योगायोग असा कीं, हेन्च पित्ताच्या मागें लागले होते आणि औषध अखेर पित्तांतूनच निघालें, जरी त्यांनीं कल्पिलें होतें त्या अर्थानें नव्हे.

२१ सप्टेंबर १९४८ रोजीं २९ वर्षांच्या एका बाईला या द्रव्याची पहिली सुई टोंचली. तिला बिछान्यांत कूस बदलणें कठीण झालें होतें, आणि बरें वाटल्याशिवाय रुग्णालय सोडणार नाहीं असें ती म्हणत होती. कावीळ उत्पन्न करण्याचा एक उपाय तिच्यावर फसलाहि होता. तिसऱ्या दिवशीं सकाळीं ती सहज कुशीवर वळली. चौथ्या दिवशीं किंचित् लंगडत चालूं लागली. आठवड्याभरांत ती बाजारांत जाऊन तीन तास खरेदी करून आली! या द्रव्याचें नांव पुढें कॉर्टिझोन पडलें, आणि १९५० चें नोबेल पारितोषिक हेन्च, केंडल आणि बाझेल येथील टाडेउश रायखस्टाइन या तिघांना मिळालें.

येथेंच गोष्ट संपती तर किती बरें झालें असतें! पण औषध थांबविलें कीं दुखणें परत येई, आणि चालू ठेवलें तर चेहरा चंद्रासारखा गोल होई, कातडी पातळ पडे, हाडें ठिसूळ होत, रक्तांतील साखर चढे, कांहींचें चित्तहि थाऱ्यावर राहीना. साधे जंतु, जे एरवीं दारांतूनच परत जातात, ते घरांत शिरत. कॉर्टिझोन एका चुलीवर पाणी ओतीत नाहीं. तें साऱ्या घरांतला विस्तव काढून नेतें. शिवाय बाहेरून आयतें मिळूं लागल्यावर शरीराच्या त्या दोन ग्रंथी आळसावतात, म्हणून पुष्कळ दिवस घेतलेलें हें औषध एकाएकीं बंद करणें जिवावर बेतूं शकतें. सांधेदुखीवर हमखास गुण म्हणून नांवगांव नसलेल्या ज्या पुड्या मिळतात, त्यांत कधीं कधीं याच जातीचें स्टेरॉइड मिसळलेलें आढळतें. गुण हमखास येतोच! घेणाऱ्याला मात्र आपण काय घेतों आहों आणि तें कसें सोडावें, याची दाद नसते.

मधल्या काळांत एक साधी, स्वस्त गोळी वैद्यांच्या हातीं आली: मेथोट्रेक्सेट. आंध्रांतील भीमवरम येथें जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेंतील प्रयोगशाळेंत फॉलिक आम्लाच्या विरुद्ध काम करणारीं जीं द्रव्यें तयार झालीं, त्यांच्यापैकीं ही एक. तीं प्रथम रक्ताच्या कर्करोगावर वापरलीं गेलीं; आमवातावर या गोळीला अमेरिकेंत मान्यता मिळाली ती १९८८ सालीं. आजहि उपचाराचा आरंभ बहुधा हिनेंच होतो, आणि पुष्कळांना ती पुरते. एकच गोष्ट येथें मुद्दाम सांगतों: आमवातासाठीं ही गोळी आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. रोजच्या गोळ्यांच्या डबींत ती चुकून रोज घेतली गेली तर मृत्युहि ओढवतो, आणि असें घडलेलें आहे. वार ठरवावा, तो चिठ्ठीवर लिहावा, आणि घरांतील आणखी एका माणसाला सांगून ठेवावा.

आतां दुसरी हकीकत लंडनची. पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवितात. सुजलेल्या सांध्यांत असे कितीतरी निरोप एकदम चाललेले असतात, म्हणून एकाचें तोंड बंद करून काय उपयोग, दुसरे आहेतच, असें बहुतेकांचें मत होतें. केनेडी इन्स्टिट्यूटमधील मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांना तसें वाटलें नाहीं. (मैनी यांचा जन्म १९३७ मधील, आपल्या लुधियानाचा, बालपण युगांडांतलें.) रोग्यांच्या सांध्यांतील पेशी त्यांनीं कांचपात्रांत वाढविल्या आणि टी.एन.एफ. या एकाच निरोपाला प्रतिपिंडानें अडविलें. १९८९ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, तो एक अडतांच दुसराहि एक मोठा निरोप बंद पडतो. भरल्या घरांत भांडण माजावें, आणि नेमक्या एका आत्याबाईला गप्प केल्याबरोबर बाकीच्यांचे आवाज उतरावे, तसें हें झालें.

१९९२ मध्यें चेअरिंग क्रॉस रुग्णालयांत वीस रोग्यांना असें प्रतिपिंड शिरेंतून देण्यास आरंभ झाला, आणि त्यांना उतार पडला. पण वीस लोकांना बरें वाटलें एवढ्यानें शास्त्राचें समाधान होत नाहीं. नुसत्या आशेनेंहि माणसाला बरें वाटतें. म्हणून ७३ रोग्यांचे तीन गट करून, कोणाला काय दिलें हें रोग्याला वा तपासणाऱ्याला कळूं न देतां पुन्हां पाहिलें. १९९४ मध्यें निकाल प्रसिद्ध झाला: औषधाचा मोठा डोस मिळालेल्या २४ पैकीं १९ जणांना चार आठवड्यांनीं स्पष्ट गुण होता, नुसतें फसवें द्रव मिळालेल्या २४ पैकीं दोघांना. आज या जातीचीं औषधें जगभर वापरलीं जातात. त्यांपैकीं एकाची भारतीय प्रतिकृति २०१४ पासून मिळूं लागली. तरी मध्यम स्थितीच्या घराला तो खर्च अजूनहि जड आहे.

आणि येथेंहि विस्तवानें आपला हिशेब मागितलाच. २००१ सालीं अमेरिकेंतून अहवाल आला कीं हें नवें औषध घेतलेल्या ७० जणांना क्षय झाला. कारण समजून घेण्यासारखें आहे. क्षयाचे जंतु शरीरांत शिरले तरी पुष्कळदां आजार होत नाहीं. पांढऱ्या पेशी त्यांच्याभोंवतीं कोट बांधतात आणि त्यांना जन्मभर कैदेंत ठेवतात. त्या कोटाच्या चिऱ्यांमधला चुना म्हणजे हाच टी.एन.एफ.! सांध्यांतला दाह शमविण्यासाठीं तो काढून घेतला कीं फुप्फुसांतला कोट ढासळतो आणि कैदी मोकळे सुटतात. ज्या देशांत अशी कैद कोट्यवधि लोकांच्या छातींत आहे, त्या आपल्या देशाला ही गोष्ट दूरची नाहीं. म्हणून हें औषध सुरू करण्यापूर्वीं छातीचें क्ष-किरण चित्र आणि सुप्त क्षयाची तपासणी करतात, आणि जरूर तर आधीं क्षयावरचें औषध देतात. या तपासणीला नुसता वाढीव खर्च समजून टाळणाऱ्यांनीं तो कोट डोळ्यांपुढें आणावा.

हाच हिशेब आपण सर्वांनीं करोनाच्या सांथींतहि पाहिला. २०२० मध्यें इंग्लंडांतील मोठ्या चाचणींत दिसलें कीं कॉर्टिझोनच्याच कुळांतलें डेक्सामेथासोन श्वासयंत्रावरील रोग्यांचे मृत्यु सुमारें एक तृतीयांशानें कमी करतें. आणि ज्यांना प्राणवायूची गरजच पडली नव्हती, त्यांना मात्र त्याचा कांहीं लाभ नाहीं. २०२१ मध्यें आपल्याकडे काळ्या बुरशीनें कित्येकांचे डोळे आणि जबडे गेले, तेव्हां मधुमेहाबरोबर या औषधाचा अवाजवी वापर हेंहि त्याचें एक कारण ठरलें.

आतां संशोधनाचा रोख आग लागण्यापूर्वींच्या काळाकडे वळला आहे. २००३ आणि २००४ मध्यें स्वीडन आणि नेदरलंड येथें रक्तपेढ्यांत सांठविलेले जुने नमुने काढून तपासले. जे लोक पुढें आमवातानें आजारी पडले, त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या रक्तांत बोटें दुखूं लागण्याच्या कित्येक वर्षें आधींच विशिष्ट प्रतिपिंडें आलेलीं होतीं. तंबाखूच्या धुरानें हा धोका वाढतो हेंहि आतां ठरलें आहे. मग अशा माणसाला, सांधे अजून सुजलेले नसतांनाच, औषध द्यावें काय? इंग्लंड आणि नेदरलंड येथें तसा प्रयोग झाला आणि त्याचा निकाल २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तांत हीं प्रतिपिंडें होतीं आणि सांधे नुकते दुखूं लागले होते, अशांना एक वर्ष अबाटासेप्ट नांवाचें औषध दिलें. त्या वर्षांत औषध घेणाऱ्यांपैकीं फारच थोडे आजारी पडले. औषध थांबल्यावर पुढल्या वर्षांत त्यांच्यांतलेहि आणखी कांहीं जण आजारी पडत गेले, आणि दोन गटांतलें अंतर पुष्कळ कमी झालें.