सांगायचं किती, झाकायचं किती

१९९६ च्या डिसेंबरातली गोष्ट. माझा भाचा अमेरिकेहून तीन आठवड्यांच्या सुटीवर आला होता. बॅग उघडल्यावर त्यानं आईसाठी बदाम काढले, वडिलांसाठी दाढीचं सामान काढलं आणि माझ्या हाती दोन व्हिडिओ कॅसेटी नि कागदांचा एक जाडजूड गठ्ठा ठेवला. ‘‘मामा, तू मालिका लिहितोस ना? मग हे बघ, आणि हे वाच.’’

बघणं काही जमलं नाही. तिकडच्या कॅसेटी आमच्या व्हीसीआरवर चालत नाहीत, हे त्या दिवशी कळलं. पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा धावल्या. राहिला गठ्ठा. तो मी रात्री जेवण झाल्यावर वाचायला घेतला आणि पहाटे दूधवाल्यानं बेल वाजवली तेव्हा खाली ठेवला. ज्या मालिकेचा एकही भाग मी पाहिला नव्हता, तिच्या लेखकानं प्रेक्षकांशी केलेल्या गप्पा मी रात्रभर वाचत बसलो होतो. ताट पुढे आलेलंच नाही आणि आचाऱ्याच्या गोष्टींनीच पोट भरलं, असा तो प्रकार!

मालिकेचं नाव ‘बॅबिलॉन ५’. लेखक आणि निर्माता जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की. कथा तेविसाव्या शतकातली. अंतराळात एक प्रचंड स्थानक आहे, तिथं निरनिराळ्या ग्रहांचे वकील राहतात, आणि पुन्हा युद्ध पेटू नये म्हणून एकमेकांशी भांडत, तडजोडी करत दिवस काढतात. याची पहिली दीर्घ चित्रफीत फेब्रुवारी १९९३ मध्ये दाखवली गेली, नियमित मालिका जानेवारी १९९४ मध्ये सुरू झाली. पण स्ट्रॅझिन्स्की प्रेक्षकांशी बोलू लागला तो त्याच्याही आधी, १९९१ पासून! टेलिफोनच्या तारेला संगणक जोडायचा आणि दूरदूरच्या अनोळखी माणसांशी लिहून गप्पा मारायच्या, ही सोय तिकडे तेव्हा होती. आपल्याकडे विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोवर आमच्यासारख्या मालिका लिहिणाऱ्यांना प्रेक्षक भेटायचा तो पोस्टकार्डातून. तेही बहुधा ‘सुनेला इतकं रडवू नका’ एवढंच सांगण्यापुरता.

इथं मात्र लोक थेट लेखकाला प्रश्न विचारत होते आणि लेखक स्वतः उत्तरं देत होता. दिवसभर स्टुडिओत काम करून रात्री घरी आल्यावर देत होता. प्रश्न तरी कसले? या खोलीतला दिवा तिरका का? पात्राच्या बोलण्यात हा शब्द कुठून आला? तुमची अंतराळयानं नेमक्या किती वेगानं जातात? या शेवटच्या प्रश्नाला त्यानं दिलेलं उत्तर पुढे प्रसिद्धच झालं: कथेला जेवढा हवा असेल तेवढ्या वेगानं! मी एकटाच मोठ्यानं हसलो. आमच्या मालिकेत दादरहून निघालेला नायक पुढच्याच दृश्यात पुण्यात पोचला, म्हणून मला तीन पत्रं आली होती. हे उत्तर मला तेव्हा सुचलं असतं तर!

पण गठ्ठ्यात थट्टा थोडी आणि धंद्याचं शिक्षण फार. त्या काळातल्या बहुतेक अमेरिकी मालिकांचा प्रत्येक भाग स्वतंत्र असे. आठवड्यात काहीही घडो, पुढच्या आठवड्यात सगळी पात्रं पुन्हा जिथल्या तिथं. स्ट्रॅझिन्स्कीनं ठरवलं, आपण दूरचित्रवाणीवर कादंबरी लिहायची. पाच वर्षं चालेल, तिला सुरुवात असेल, मध्य असेल आणि शेवटही असेल. पहिल्या वर्षी भिंतीवर टांगलेली बंदूक तिसऱ्या वर्षी उडेल.

यात धोका केवढा, ते मालिका लिहिणाऱ्यालाच कळेल. कादंबरीतलं पात्र आजारी पडत नाही, दुसऱ्याकडे जास्त पैसे मिळतात म्हणून निघून जात नाही. नट मात्र हाडामांसाचा. त्यावर यानं योजलेली युक्ती अशी: प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी कथेत एक चोरदरवाजा आधीच करून ठेवायचा. नट उद्या गेला, तर पात्र त्या दारातून बाहेर पडेल आणि कथा कोसळणार नाही. हे वाचून मी कागद मिटला आणि थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. का, ते पुढे सांगतो.

पैशांचा हिशेबही तो मोकळेपणानं मांडायचा. चित्रीकरण हॉलिवूडच्या एखाद्या मोठ्या स्टुडिओत नव्हतं. लॉस एंजेलिसजवळच्या सन व्हॅलीत, पूर्वी जिथं गरम पाण्याचे टब बनत अशा एका कारखान्याच्या शेडमध्ये होतं. खर्च बेताचा, म्हणून यानांच्या प्रतिकृती बनवून त्यांचं चित्रण करण्याऐवजी ती दृश्यं संगणकावर तयार केली. सुरुवातीला तर ‘अमिगा’ जातीच्या, घरीही वापरल्या जाणाऱ्या संगणकांवर. दूरचित्रवाणीवर असं काम तेव्हा नवीन होतं आणि पहिल्याच चित्रफितीला त्यासाठी एमी पुरस्कार मिळाला. पण खरी बचत होते ती कागदावर, असं त्याचं म्हणणं. पटकथा उशिरा हाती आली की रातोरात सेट उभारावे लागतात, सुतारांना जादा मजुरी द्यावी लागते. ती आधी मिळाली तर एकच भिंत रंग बदलून तीनदा वापरता येते. म्हणून पटकथा चित्रीकरणाच्या बऱ्याच आधी तयार हव्यात, हा त्याचा दंडक. आमच्याकडे मी पानं रिक्षात लिहीत असे आणि कलावंत मेकअप करता करता ती पाठ करत. यापुढे त्याबद्दल फुशारकी मारायची नाही, असं मी त्या रात्री ठरवलं.

त्याच्या कामाचा आवाका पुढे कळला तेव्हा तर छाती दडपली. पाच वर्षांत ११० भाग, त्यांतले ९२ त्याचे स्वतःचे. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे सगळेच्या सगळे ४४ भाग एकट्यानं लिहिलेले. पाचव्या वर्षात फक्त एक भाग दुसऱ्याचा, इंग्रज लेखक नील गेमनचा. आणि एवढं लिहून झाल्यावर हा माणूस रात्री प्रेक्षकांच्या शंका निरसन करत बसायचा!

पण या अंगणाला एक कुंपण होतं. कुणीही कथेची कल्पना सुचवायची नाही. मालिकेवर टीका करा, चुका काढा, शिव्या द्या, पण ‘असं झालं तर?’ हे लिहू नका. कारण कायद्याचं. उद्या एखाद्या भागात तसंच काही आलं, तर ‘माझी कल्पना चोरली’ म्हणून कुणी कोर्टात जाऊ शकतो. आणि झालंही तसंच काहीसं. एका गुन्हेगाराची स्मृती पुसून टाकली जाते आणि नंतर त्याला आपला भूतकाळ कळतो, या कल्पनेवर स्ट्रॅझिन्स्कीच्या मनात एक कथा होती. नेमकं तेच एका चाहत्यानं सहज, भाबडेपणानं लिहून टाकलं. झालं! ती कथा त्याला बाजूला ठेवावी लागली. त्या चाहत्यानं रीतसर कागदावर सही करून आपला कसलाही दावा नसल्याचं लिहून दिलं, तेव्हाच ती मोकळी झाली आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये पडद्यावर आली. एका मठात राहणाऱ्या साध्या संन्याशाला कळतं की आपण कधीकाळी खुनी होतो. जे आठवतच नाही, त्याची क्षमा कुणाकडे मागायची? मालिकेतल्या सर्वांत गाजलेल्या भागांपैकी हा एक. प्रेमानं आलेल्या माणसाच्या एका वाक्यापायी तो कपाटातच राहिला असता.

आता तो खिडकीबाहेर पाहण्याचा प्रसंग.

‘बॅबिलॉन ५’च्या पहिल्या वर्षाचा नायक, म्हणजे स्थानकाचा प्रमुख, मायकेल ओ’हेअर या रंगभूमीवरच्या नटानं उभा केला होता. पहिलं वर्ष संपलं आणि तो गेला. दुसऱ्या वर्षी त्याच्या जागी दुसरं पात्र आणि दुसरा नट, ब्रूस बॉक्सलायटनर. लोक चक्रावले. काढून टाकला काय? भांडण झालं काय? अभिनय आवडला नाही काय? नाना तर्क चालले होते. एरवी सेटवरच्या भिंतीच्या रंगाबद्दलही भरभरून लिहिणारा हा लेखक या प्रश्नावर मात्र दोन ओळींत आटोपायचा: निर्णय दोघांनी मिळून, गोडीनं घेतला आहे.

मला ते उत्तर लबाडीचं वाटलं. एवढा मोकळा माणूस आणि इथंच का तोंड आवळतो? खरं सांगायला काय हरकत आहे? मी तर सांगितलं होतं.

म्हणजे असं, की १९९४ साली माझी तेरा भागांची मालिका चालू असताना आठव्या भागानंतर थोरल्या जावेचं काम करणारी अभिनेत्री एकाएकी यायची बंद झाली. मी तिला घाईघाईनं माहेरी धाडून दिली. चोरदरवाजा वगैरे माझ्याकडे कुठला! बंद दाराला धडक देऊनच पात्र बाहेर काढलं. पुढे एका तालुक्याच्या गावी वाचनालयात माझं भाषण होतं. चाळीसएक माणसं असतील. एका आजोबांनी विचारलं, ‘‘त्या मोठ्या सूनबाई का हो गेल्या? छान काम करायच्या.’’ माणसं आपली वाटली, संध्याकाळ छान रंगली होती. मी खरं ते सांगून टाकलं. तिचा नवरा दारू पिऊन सेटवर यायचा, तमाशा करायचा, शेवटी तिनं शरमेनं काम सोडलं, हे सगळं. ‘बिचारी’ असंही म्हणालो. टाळ्या नाही पडल्या, पण लोक हळहळले. लेखक किती मोकळा माणूस, असं त्यांना वाटलं असणार. मला तर वाटलंच.

चार दिवसांनी तिथल्या साप्ताहिकात ते नावानिशी छापून आलं. तिचा फोन आला. रागावली नाही. म्हणाली, ‘‘सर, मी कुणालाच सांगितलं नव्हतं हो. मुलीच्या शाळेतही नाही.’’ एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. पुन्हा तिनं कुणाच्याच मालिकेत काम केलं नाही. त्याला मी एकटाच कारण, असं नाही म्हणता येणार. पण मी कारण नाही, असंही मला म्हणता येत नाही.

आणि तरीसुद्धा त्या रात्री तो गठ्ठा वाचताना मी त्या अमेरिकी लेखकाला लबाड म्हटलं! स्वतःच्या चुकीला प्रामाणिकपणा हे नाव दिलं की झोप बरी लागते.

मायकेल ओ’हेअर सप्टेंबर २०१२ मध्ये वारला, साठाव्या वर्षी. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, फिनिक्स शहरात चाहत्यांच्या मेळाव्यात स्ट्रॅझिन्स्की पहिल्यांदा खरं बोलला. पहिल्या वर्षाचं चित्रीकरण चालू असतानाच ओ’हेअरला गंभीर मानसिक आजारानं गाठलं होतं. भास व्हायचे, कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटायचं. स्ट्रॅझिन्स्की त्याला म्हणाला, आपण काही महिने काम थांबवू, तू उपचार घे. नटानं नकार दिला. काम थांबलं तर मालिका बंद पडेल आणि इतक्या माणसांच्या नोकऱ्या जातील, ही त्याची भीती. तशाच अवस्थेत त्यानं ते वर्ष पूर्ण केलं आणि मग तो बाजूला झाला. ही गोष्ट मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही, असं लेखकानं वचन दिलं. तेव्हा नटानंच त्यात दुरुस्ती केली. तुझ्या मरणापर्यंत नको, माझ्या मरणापर्यंत गप्प राहा. नंतर सांग, अशा आजाराच्या लोकांना त्याचा उपयोग होईल.

जवळजवळ वीस वर्षं तो गप्प राहिला. त्या काळात त्याला खोटारडा म्हणणारे थोडे नव्हते. त्यांत दादरच्या एका खोलीत बसलेला मीही होतो. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. ते वाक्य त्यानं लिहिलं नाही.

त्यानं केलं ते वेगळंच. ओ’हेअरची प्रकृती सुधारल्यावर, १९९६ मध्ये त्याला दोन भागांसाठी परत बोलावलं आणि त्याच्या पात्राची कथा पूर्ण केली. १९९४ मध्ये टाकलेलं कोडं दोन वर्षांनी सुटलं. अर्धवट गेलेल्या माणसाला सन्मानानं पोचतं केलं. बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या दारातून माणूस परतही येऊ शकतो, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

मालिका पुढे मी भाच्याकडे गेलो तेव्हा सबंध पाहिली. नोव्हेंबर १९९८ मध्ये दाखवलेल्या अखेरच्या भागात ते स्थानक कायमचं बंद होतं आणि एक साधा कामगार शेवटचा दिवा मालवून निघून जातो. तो कामगार म्हणजे स्वतः स्ट्रॅझिन्स्की. नाव नाही, संवाद नाही, फक्त बटण दाबायचं.

आज लेखक, नट, प्रेक्षक सगळेच दिवसरात्र एकमेकांशी बोलतात. खिशातल्या फोनवर बोलतात. कुणी का सोडून गेलं, हे प्रेक्षक तासाभरात विचारतो आणि कुणीतरी दहा मिनिटांत सांगूनही टाकतो. आमच्या लेखनवर्गात येणारी तरुण मुलं मला विचारतात, ‘‘सर, चाहत्यांना किती सांगावं?’’ मी म्हणतो, आपल्या कामाबद्दल सगळं सांगा. पटकथा कशी बांधली, पैसे कुठे वाचवले, कुठे फसलात, काही म्हणजे काही लपवू नका. पण दुसऱ्याचं दुःख आपल्या हवाली असेल, तर ते ज्याचं त्याला विचारल्याशिवाय खर्च करू नका.

त्या अभिनेत्रीला मी १९९७ च्या जानेवारीत पत्र लिहिलं. क्षमा मागितली. उत्तर आलं नाही, आणि ते आलं नाही यात तिची काही चूक नाही. इथंही मी तिचं नाव लिहिलेलं नाही. तेवढं तरी शिकलो.