एकास तीन

चुलतीच्या केसपेपरवर दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद होती. आठ, दहा, बारा, दोन. सगळ्या वेळा एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या. आणि चुलतीच्या कमरेखाली तळहाताएवढा बेडसोर. त्या नोंदी करणाऱ्यांचा मला भयंकर राग आला होता. तो राग घेऊनच मी रीतसर परवानगी काढली आणि दुसऱ्या एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या बायकांच्या वॉर्डात, नाइट ड्यूटीच्या सिस्टरांबरोबर जाऊन बसले.

खाटा 30, पेशंट 41. वरच्या अकराजणी खाली गाद्यांवर. त्यांच्या सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधलेल्या. सिस्टर दोन, त्यातली एक कंत्राटी. रात्री आठला ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा, घेतला की औषधं, इंजेक्शनं, बीपी, शुगर, लघवीच्या पिशव्या मोजून रिकाम्या करणं हे ओळीनं सुरू होतं.

"नियम ठाऊक आहे का तुम्हाला? एकास तीन," सिरिंज भरता भरता मोठ्या सिस्टर म्हणाल्या. भारतीय परिचर्या परिषदेचं मानक तसंच आहे: शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक. "आमच्याकडे एकीला साडेवीस. तो अर्धा पेशंट कुठला, ते अजून सापडलं नाही."

28 नंबरला अर्धांगवायू झालेल्या आजी होत्या. त्यांची कूस बदलताना मी पाहिलं, तेव्हा माझा हिशेब चुकायला लागला. खांद्याला एक, कमरेला एक, अशी दोन माणसं लागतात. पाठ पुसायची, कोरडी करायची, चादरीची एकही चुणी राहू द्यायची नाही, गुडघ्यांच्या मधे उशी सरकवायची. वॉर्डातल्या मावशी रक्ताची पिशवी आणायला गेलेल्या. "ताई, या इकडे, खांदा धरा," म्हणून आजींच्या सुनेला हाक मारली. दहा मिनिटं गेली. तेवढ्यात तीन नातेवाईक सलाइन संपली म्हणून येऊन गेले.

अशा स्वतःहून कूस बदलता न येणाऱ्या सहाजणी. सहा गुणिले दहा मिनिटं, दर दोन तासांनी. म्हणजे एका सिस्टरची अर्धी रात्र फक्त कुशी बदलण्यात. उरलेल्या पस्तीसजणींचं काय? एकास तीन असतं तर हा प्रश्नच आला नसता.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना 1973 पासून 2015 मध्ये त्या जाईपर्यंत सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात त्याचं तोंड भरून कौतुक केलं. मी तो विषय काढल्यावर सिस्टर म्हणाल्या, "कौतुकाला कमी नाही हो. बारा मेला, परिचारिका दिनाला, गुलाब पण मिळतो. माणसं द्या म्हटलं की फाइल फिरते."

मध्यरात्रीनंतर लिखाण. टीपीआर चार्ट, इनटेक-आउटपुट, रिपोर्ट बुक, साठ्याची वही. लिहिलं नाही तर केलं नाही, असंच चौकशीत धरतात. 6 नोव्हेंबर 2021 ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली, करोनाचे 11 रुग्ण दगावले. पोलिसांनी सुरुवातीला अटक केली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. "तेव्हापासून आमच्यातल्या कितीतरी जणी आधी लिहितात, मग करतात," धाकट्या सिस्टर वर न बघता म्हणाल्या.

28 नंबरच्या चार्टवर मोठ्या सिस्टरांनी दहा, बारा आणि चार लिहिलं. दोनची चौकट मोकळी.

"दोनचं?"

"दोनला सतरा नंबरला धाप लागली होती ना. झालं नाही, तर लिहू कशी?"

"चौकशी झाली तर?"

"विचारतील. मी सांगेन, एकास साडेवीस."

सकाळी ओव्हर घेताना इन्चार्ज सिस्टरांचं बोट त्याच चौकटीवर थांबलं. "भरून टाक ना गं. कशाला विषाची परीक्षा?" त्यांच्या बोलण्यात काळजीच होती. मोठ्या सिस्टरांनी मान हलवली आणि एकोणतीस नंबरचा चार्ट उघडला.

खोट्या नोंदी करणाऱ्यांवरचा माझा राग गेलेला नाही, पण त्याचा रोख बदलला आहे. सगळ्या चौकटी भरलेले चार्ट वर पोचतात, तेव्हा साडेवीस पेशंटांमागे एक परिचारिका असूनही काम नीट चाललंय असाच त्याचा अर्थ निघतो. मग रिकाम्या जागा भरायची घाई कुणाला असणार? कंत्राटावर दोघीतिघी आणल्या की भागतं. एकास तीन हा आकडा कागदावर राहतो, त्याला भरलेल्या चार्टचा दुसरा कागद पुरावा म्हणून साथ देतो. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी एवढं करावं: दोन सिस्टर, 41 पेशंट आणि एकही मोकळी चौकट नाही असा चार्ट दिसला, तर सिस्टरला शाबासकी देण्याआधी तिथल्या मंजूर पदांची यादी मागवावी.