फ्लॉइडचे मरण : साहसखेळांतील दुय्यम पात्रांविषयी

कादंबरीतले दुय्यम पात्र नायकाच्या उजेडात उभे असते. ते काढून टाकले तर कादंबरी रोडावेल, पण नायक उरेल. संगणकावरच्या साहसखेळांत हा हिशेब उलटा होतो. तिथे नायकाची खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवलेली असते आणि खेळणारा येऊन तिच्यावर बसतो. कथेत माणूस म्हणून जे कोणी उरते, ते दुय्यम पात्रच. गेली काही वर्षे हे जुने खेळ कादंबऱ्या वाचाव्यात तसे मी वाचत आलो आहे आणि माझे हे मत पक्के होत गेले आहे.

साहसखेळ म्हणजे ‘ॲडव्हेंचर गेम’. नेम धरून गोळ्या झाडण्याचा हा प्रकार नव्हे. इथे कथा उलगडत असते आणि कोडे सुटल्याशिवाय तिचे पुढचे पान उलटत नाही. आरंभीच्या काळात पडद्यावर चित्रेही नव्हती, नुसता मजकूर. ‘उत्तरेला जा’, ‘दिवा लाव’ अशा आज्ञा इंग्रजीत टाइप करायच्या आणि काय घडले ते वाचायचे. नायक म्हणजे ‘तुम्ही’. तुम्हाला या क्षणी काय वाटते आहे, हे खेळाने परस्पर सांगितले तर ते खोटे वाटते. मग भावना ठेवायची कुठे?

पहिल्या खेळांना हा प्रश्न पडलाच नव्हता. विल क्राउदरने १९७६मध्ये रचलेल्या आणि पुढच्या वर्षी डॉन वुड्सने वाढवलेल्या गुहेच्या खेळात बुटके शस्त्रे फेकतात, चाचा खजिना पळवतो. ती पात्रे नव्हेत, अडथळे आहेत. ‘झॉर्क’मधला चोर मात्र एक पाऊल पुढे जातो. तो तुमच्या वस्तू लांबवतो, म्हणून त्याला ठार करावेसे वाटते. पण खेळात एक रत्नजडित अंडे आहे आणि ते न मोडता उघडण्याचे कसब फक्त त्याच्याच बोटांत आहे. घाईने त्याला मारणाऱ्याच्या हाती पूर्ण गुण कधीच लागत नाहीत. शत्रूलाही स्वतःचे हुन्नर असते आणि त्यावर आपले अडते, हे इथे कोड्याच्या रचनेतूनच कळते.

१९८३ साली ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ या नव्या कंपनीने संगणक माणसाला रडवू शकेल का, असा सवाल करणारी जाहिरात केली होती. त्याच वर्षी ‘इन्फोकॉम’ या दुसऱ्याच कंपनीचा ‘प्लॅनेटफॉल’ बाजारात आला. लेखक स्टीव्ह मेरेट्स्की. यात तुम्ही एका अवकाशयानावरचे सर्वांत खालच्या दर्जाचे कर्मचारी, काम फरशी पुसण्याचे. यानात स्फोट होतो आणि तुम्ही एका निर्मनुष्य ग्रहावर येऊन पडता. इमारती शाबूत, माणूस एकही नाही, आणि दिवसागणिक तुमच्या अंगात आजार भिनत चाललेला. अशात एका खोलीत फ्लॉइड नावाचा यंत्रमानव सापडतो. बटण दाबले की थोड्या वेळाने तो जागा होतो आणि तुमच्या मागे मागे फिरू लागतो.

फ्लॉइड पोरवयाचा आहे. स्वतःचा उल्लेख तो नावानेच करतो, चेंडू खेळतो, कंटाळतो, मध्येच कुठे तरी भटकून येतो. कोड्यांच्या दृष्टीने त्याचा उपयोग अगदी थोडा : एका अरुंद फटीतून आत जाऊन तो एक सुटा भाग आणून देतो, असे काही. बाकी सारा वेळ तो नुसता असतो. धोक्याच्या जागी पोचण्याआधी खेळ जतन करून ठेवण्याची रीत असते. तुम्ही जतन करू लागलात की फ्लॉइड हरखून विचारतो, आता आपण काही तरी धोक्याचे करणार ना? कथेबाहेरच्या कृतीतही तो सोबत सोडत नाही.

पुढे एका प्रयोगशाळेत भयंकर प्राणी सुटलेले आहेत आणि आत एक कार्ड आहे. ते मिळाल्याशिवाय कथा सरकत नाही. फ्लॉइड म्हणतो, मी जातो. तू दार उघड आणि माझ्यामागे लावून घे. इथे मेरेट्स्कीची खरी करामत आहे. दार लावण्याची आज्ञा खेळणाऱ्यालाच टाइप करावी लागते. मग आतून आवाज येतात, दारावर थाप पडते, आणि छिन्नविच्छिन्न फ्लॉइड कार्ड घेऊन बाहेर येतो. तुम्ही त्याला त्याचे आवडते गाणे म्हणून दाखवता आणि तो संपतो.

अशा खेळांत नायकाचे मरण फुकट असते. दरीत पडलात, विष प्यायलात, तरी जतन केलेल्या जागी परत जाऊन पुन्हा सुरुवात करता येते. फ्लॉइडच्या बाबतीत मात्र मागे जाऊन काही साधत नाही. कितीही वेळा परत गेलात तरी पुढे जायचे तर त्याला त्या दारातून पाठवावेच लागते. साऱ्या खेळात ज्याला किंमत आहे असे हे एकच मरण. जॅनेट मरे यांनी १९९७च्या ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ या पुस्तकात या प्रसंगाची दखल घेतली, ती उगाच नव्हे. शेवट नीट गाठला तर दुरुस्त केलेला फ्लॉइड पुन्हा समोर येतो. मला ही लेखकाची माघार वाटते.

१९९३च्या ‘मिस्ट’ला रिकाम्या बेटाचा खेळ म्हणतात. पण तिथेही दोन पुस्तकांत अडकलेले दोन भाऊ आहेत. एकेक पान आणून द्यावे तसा त्यांचा चेहरा स्पष्ट होत जातो आणि प्रत्येक जण दुसऱ्याला गुन्हेगार ठरवतो. निवाडा खेळणाऱ्याने करायचा, पुरावा म्हणजे त्यांच्या खोल्यांतले सामानसुमान. नायकाला इथे एक वाक्यही नाही.

टिम शेफरच्या ‘ग्रिम फँडँगो’त (१९९८) नायकाला नाव, आवाज, नोकरी सगळे आहे. मॅनी कालावेरा मृतांच्या नगरीत नव्याने आलेल्या आत्म्यांना परलोकप्रवासाची तिकिटे विकतो. म्हणजे माझा मुद्दा इथे लागू पडू नये. तरी लक्षात राहतो तो त्याचा ड्रायव्हर ग्लॉटिस, गाडी हाकण्यासाठीच निर्माण केलेला एक अगडबंब राक्षस. नोकरी गेल्यावर तो दुःखाने स्वतःचे काळीज उपटून फेकून देतो. ते कोळ्यांच्या जाळ्यातून सोडवून आणणे, हे मॅनीपुढचे कोडे. शेवटी मात्र शेफर मरणाऐवजी ताटातूट वापरतो. चार वर्षांच्या प्रवासानंतर मॅनी शेवटच्या गाडीत बसतो. ग्लॉटिस माणूस म्हणून कधी जगलेलाच नाही, त्यामुळे पलीकडच्या लोकात त्याला जागा नाही. तो मागेच राहतो, आणि या प्रसंगात खेळणाऱ्याच्या हाती एकही आज्ञा दिलेली नाही.