जळगावचा मे महिना आणि गोल्डफिश

काल शेजारच्या काकूंनी हाक मारली. "मासे सारखे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, भूक लागली असेल का रे?"

भूक नव्हती. त्यांना श्वास पुरत नव्हता.

गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा. १८ ते २४ अंश त्याला मानवतं. आपल्या जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. २० अंशांचं पाणी लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३५ अंशांचं जेमतेम ७. त्यात उष्ण पाण्यात माशाची गरज मात्र वाढते.

उपाय स्वस्त आहे. टाकीचं झाकण काढून जाळी टाका आणि टेबल फॅनचा झोत पाण्यावर सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलरसारखंच पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. एअर पंप रात्रंदिवस चालू हवा. लाइट जाते, म्हणून बॅटरीवरचा एक जवळ ठेवा. बर्फ थेट टाकू नका, पाणी एकदम गार झालं तर मासा आजारी पडतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून अँटीक्लोरीनचे थेंब टाकूनच ते वापरा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की पुरे. सगळं पाणी उपसून फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुणं म्हणजे घातच! माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा.

आणि काचेचा तो गोल बाउल? माझ्या मते तो गोल्डफिशसाठी विकूच नये.

तुमची टाकी किती लिटरची, मासे किती, हे लिहून बिनधास्त विचारा.