पोटगीचा फेरविचार आणि पेढीचा ताळेबंद

मुलगी तिसरीत असताना ठरलेली दरमहा आठ हजारांची पोटगी ती आठवीत गेल्यावर पुरत नाही, हे कोणत्याही गृहिणीस ठाऊक असते. शाळेचे शुल्क, शिकवणी, दातांवरील उपचार असे खर्च वाढत जातात. आई वाढीसाठी अर्ज करते, वडिलांच्या हाती नोटीस पडते आणि पेढीवरचे पहिले उद्गार ठरलेले असतात : ‘धंद्यात आता पूर्वीसारखे काही राहिले नाही.’ ते खरेही असू शकेल. मात्र न्यायालयात ते वहीखात्यावरून दाखवावे लागते.

हिंदू विवाह अधिनियम, 1955 जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम 26 अन्वये मुलांच्या पालनपोषणाचा व शिक्षणाचा आदेश हुकूमनाम्यानंतरही बदलता येतो. फौजदारी मार्गाने मिळालेल्या पोटगीसाठी, 1 जुलै 2024 पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 146 आहे. परिस्थिती बदलल्याचे दाखविणाऱ्यास वाढ मिळू शकते, तशीच घटही. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांना मत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. त्यात उत्पन्न, बँक खाती, ठेवी, दागिने, कर्जे, भागीदारीतील हिस्सा आणि वडिलोपार्जित मिळकतीतील वाटा असे सर्व येते.

व्यापारी कुटुंबाची खरी अडचण येथूनच सुरू होते. नोकरदाराचे वेतनपत्रक एका कागदावर मावते; पेढीवरील मुलाचे उत्पन्न कोणते म्हणावे? विवरणपत्रात त्याच्या नावे वर्षाला चार लाख दिसतात. घर वडिलांच्या नावे, मोटार पेढीच्या नावे, किराणा एकत्र कुटुंबाच्या खर्चात. यात लबाडी असतेच असे नाही. कित्येक घरांत ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. तथापि न्यायालय राहणीमानही पाहते. भांडवल खात्यातून वर्षभरात नऊ लाखांची उचल आणि उत्पन्न मात्र चार लाख, ही तफावत समोरच्या वकिलास शोधावी लागत नाही. शिवाय कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेताना बँकेकडे दिलेला ताळेबंद, मालसाठ्याची मासिक पत्रके आणि जीएसटीची विवरणे अस्तित्वात असतातच. कर्ज मागताना भरभराट आणि पोटगी देताना मंदी, असे दोन ताळेबंद एका पेढीचे असू शकत नाहीत. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल फौजदारी कारवाई होऊ शकते, हे वेगळेच.

म्हणून तारखेपूर्वी सनदी लेखापालासमवेत बसून विवरणपत्र, भांडवल खाते व बँकेची कागदपत्रे परस्परांशी जुळवून पाहावीत. फरक असेल तर त्याचे कारण लेखी मांडावे : वडिलांनी दिलेली रक्कम, जुन्या येण्याची वसुली, घरासाठी काढलेले भांडवल. मंदी खरी असल्यास मागील वर्षांची उलाढाल शेजारी ठेवावी. स्वेच्छेने घेतलेल्या मोटारीचे हप्ते पुढे करून मुलाचा खर्च कमी करून मागणे सहसा मान्य होत नाही.

आईनेही तितकेच काटेकोर असावे. स्वतःचे उत्पन्न, शिवणकामाचे असो वा शिकवण्यांचे, लपवू नये. शुल्काच्या पावत्या, औषधांची देयके आणि वह्या-पुस्तकांचा खर्च वर्षवार लावावा. गोळाबेरीज आकड्यापेक्षा पावतीला वजन अधिक.

कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 13 प्रमाणे वकील हा तेथे हक्क म्हणून मिळत नाही; न्यायालयाच्या परवानगीने तो उभा राहतो. त्यामुळे पक्षकारालाच थेट विचारणा होऊ शकते. अशा वेळी ‘ते मुनीमजींना ठाऊक’ हे उत्तर फार महागात पडते. प्रतिज्ञापत्रावर सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक आकडा स्वतः वाचावा.

आणि सुनावणी चालू आहे म्हणून जुनी रक्कम थांबवू नये. नवा आदेश होईपर्यंत जुनाच लागू असतो आणि थकबाकी साचत जाते. ती रक्कम दरमहा ठरल्या तारखेस बँकेमार्फतच द्यावी. मुलीला भेटायला गेल्यावर तिच्या हाती पाकीट देऊन नव्हे. त्या पाकिटाची नोंद कोणत्याच खातेउताऱ्यात सापडत नाही, आणि आठवीतल्या मुलीला ते आईपर्यंत पोहोचवावे लागते.